आधी दुबळा हात

"चप्पल काढा ताई, आणि झोपा पलंगावर. आज पेशंट तुम्ही."

मी वही-पेन बाजूला ठेवलं आणि झोपले. न्यू जर्सीतलं एडिसन गाव. ओक ट्री रोडवरच्या साड्यांच्या नि मिठाईच्या दुकानांपासून गाडीनं दहा मिनिटांवर, एका गाळ्यात हा वर्ग भरतो. दवाखान्यात असतात तसे दोन पलंग, एक व्हीलचेअर, हात धुवायचं बेसिन, छताच्या दांडीवरचे पडदे आणि सरावासाठी एक रबरी बाहुली. पण बाहुलीला गार लागत नाही, ती कण्हत नाही, तिला लाज वाटत नाही. म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी, ऐन तारुण्यात हैतीहून इथं आलेल्या एका नर्सनं, मला विचारलं आणि मी लगेच तयार झाले.

माझी डावी बाजू लुळी आहे, असं ठरलं. मला गाउन घालायची पाळी तासगाव तालुक्यातल्या एका बाईंची होती. नाव छापू नका, असं त्यांनी बजावून सांगितलंय; कारण पुढं येईलच. त्यांनी आधी पलंगाशेजारच्या कपाटावर टकटक केलं. स्वतःचं नाव सांगितलं, आता काय करणार ते सांगितलं, चालेल का विचारलं. पडदा ओढला. कळ दाबून पलंग आपल्या कमरेइतका वर घेतला. मग गाउनच्या बाहीत मनगटाच्या बाजूनं स्वतःचा हात घालून तो खांद्याकडून बाहेर काढला, त्या हातानं माझा डावा पंजा धरला आणि बाही अलगद माझ्या हातावर सरकवली. माझा हात कुणी ओढला नाही, बाहीच हाताकडे आली. मग कापड पाठीमागून घेतलं, मग उजवा हात. "आधी दुबळा हात," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, पाढा म्हणावा तशा.

माझे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, कुठं लागलं की काय.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिचीही डावी बाजूच गेली होती. पुण्यात आम्ही ब्यूरोतून मावशी लावल्या, बारा तासांची ड्युटी. मावशी मायाळू होत्या, प्रामाणिक होत्या, आईला त्यांचा लळा लागला होता. पण गाउन घालताना आम्ही दोघी आधी उजवा हात घालायचो, तो सोपा म्हणून. मग आखडलेल्या डाव्या हातासाठी बाही पुरायची नाही आणि आम्ही तो हात मागं ओढायचो. आई कण्हायची. आठ महिने रोज सकाळी कण्हायची, आणि आम्ही म्हणायचो, झालं हं, झालं. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे आम्हाला माकडहाडापाशी जखम झाल्यावर कळलं. ब्यूरोनं मावशींना काही शिकवलं नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना आम्हालाही कुणी काही करून दाखवलं नाही. कागदावर फक्त गोळ्या लिहिल्या होत्या.

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. यंदा मुलीकडे न्यू जर्सीला गेले असताना तिच्या मैत्रिणीकडून या वर्गाबद्दल कळलं. जे आम्हाला कुणी दाखवलं नाही ते इथं शिकवतात, परीक्षा घेतात, कागद देतात म्हणे. तेवढ्यासाठी मी महिनाभर त्या गाळ्यात जाऊन बसत होते.

या कामाला तिथं सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात, बोलताना सरळ 'सीएनए'. म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसाला उठवणं, अंग पुसणं, कपडे घालणं, भरवणं, संडास-लघवीला नेणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं, नाडी मोजणं, काय खाल्लं, किती प्यायलं, किती लघवी झाली याची नोंद ठेवणं. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, आणि बहुतेक राज्यांत गोळी देणंही यांच्याकडे नाही. ते नर्सचं काम. पण पेशंटच्या अंगावर नवा लाल चट्टा दिसला, रोज दोन घास खाणाऱ्यानं आज एकही घेतला नाही, नेहमी बोलणारी आजी गप्प आहे, हे सगळ्यात आधी यांना कळतं, कारण पेशंटला दिवसभर हात लावणारं माणूस हेच. देशभरात सुमारे १४ लाख जण हे काम करतात. दहात नऊ बायका. एडिसनच्या वर्गात हैती, घाना, फिलिपिन्स, जमैका, गुजरात, केरळ आणि आमच्या तासगावच्या बाई, असा मेळा होता.

तिथंही हे शिक्षण पहिल्यापासून नव्हतं. १९७० नि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या नर्सिंग होमची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना राहायला ठेवतात त्या संस्थांची, दशा वाईट होती. म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला बांधून ठेवायचे, गुंगीची औषधं द्यायचे, जखमा सडायच्या, आणि हे सगळं सांभाळायला रस्त्यावरून आणून उभी केलेली, काहीही न शिकलेली माणसं. १९८६ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं या परिस्थितीवर मोठा अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, अर्थसंकल्पाशी जोडलेल्या एका अवाढव्य कायद्याच्या पोटात नर्सिंग होम सुधारणेची कलमं मंजूर झाली. बांधून ठेवण्यापासून मुक्ती हा राहणाऱ्याचा हक्क ठरला. आणि त्याच कायद्यानं सांगितलं की पेशंटला हात लावणाऱ्या माणसाला किमान ७५ तासांचं शिक्षण हवं. न्यू जर्सीनं ते ९० तास केलंय, ५० वर्गात आणि ४० प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये.

त्या ७५ तासांतली एक अट मला फार आवडली. पहिले १६ तास पेशंटला हात लावायचाच नाही. त्या वेळात काय शिकायचं तेही नेमून दिलंय: बोलायचं कसं, जंतूंचा संसर्ग कसा टाळायचा, घास अडकला तर काय करायचं, माणसाला जे स्वतःचं स्वतः करता येतं ते त्याला कसं करू द्यायचं, आणि त्याचे हक्क. हे सगळं डोक्यात बसल्यावर मग अंगाला हात. आपल्याकडे नवी मावशी सकाळी आठला दारात येते आणि सव्वाआठला आईचं डायपर बदलत असते.

तासगावच्या बाई बी.कॉम. लग्नाआधी सांगलीत एका पतसंस्थेत कारकून होत्या. नवऱ्याबरोबर अमेरिकेला आल्या त्या एच-फोर व्हिसावर. या व्हिसावर राहता येतं, मुलं वाढवता येतात, पण तेव्हा कमावता येत नव्हतं. "चौदा वर्षं मी स्वयंपाक केला," त्या म्हणाल्या, तक्रारीचा सूर न लावता. २६ मे २०१५ पासून एच-फोरवाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळू लागली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातला एक टप्पा मंजूर झालेला असला की बायकोला अर्ज करता येतो. बाईंच्या घरी तो टप्पा यायलाच वर्षं गेली. परवानगीचं कार्ड हातात आलं तेव्हा त्या पंचेचाळीस पार करून गेल्या होत्या. कारकुनीचा अनुभव कुणी विचारात घेईना. दोन वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या, मग इथं नाव घातलं.

"सासऱ्यांचं सगळं मीच केलं होतं ओ, शेवटची तीन वर्षं. म्हटलं, हे तर आपल्याला येतंच की. पहिल्या आठवड्यात कळलं, काही येत नव्हतं. सासऱ्यांना काखेत हात घालून ओढून उठवायची मी. त्यांचा खांदा दुखायचा, माझी कंबर. इथं बघा, कमरेला रुंद पट्टा बांधतात, त्याला धरायचं. आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही. चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक आधी लावायचे. त्यांचे पाय जमिनीला टेकलेत का बघायचं. एक, दोन, तीन म्हणायचं, म्हणजे त्यांनाही जोर लावता येतो. एवढंच आहे बघा. पण हे एवढं कुणी सांगतंय का?"

नाव घालतानाच एक अडचण आली, ती आपल्याकडच्या सगळ्यांनाच येते. क्षयाची चाचणी. कातडीखाली टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी गाठ आली का ते बघतात. आपण लहानपणी बीसीजी घेतलेली माणसं. दंडावरचा तो वण आपल्या पिढीची खूणच आहे. त्या लशीमुळे क्षय नसतानाही चाचणी होकारार्थी येऊ शकते. बाईंची आली. त्या रात्रभर रडल्या. मग रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, आणि सगळं ठीक असल्याचा कागद. हे आधी ठाऊक असतं तर ती रात्र वाचली असती, म्हणून मुद्दाम लिहिते. बोटांचे ठसे घेऊन गुन्हे तपासणी होते, तीही प्रत्येकाची.

आणखी एक गोष्ट पुष्कळजणींना माहीत नसते. नर्सिंग होमनं तुम्हाला आधीच नोकरीवर घेतलं असेल किंवा नोकरी देऊ केली असेल, तर त्यांना शिक्षणाचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. स्वतःच्या खर्चानं शिकलात आणि वर्षाच्या आत नर्सिंग होममध्ये लागलात, तर झालेल्या खर्चाची हप्त्याहप्त्यानं भरपाई मिळायची तरतूद आहे. वर्गातल्या बहुतेक जणींनी घरखर्चातून काटकसर करून फी भरली होती, आणि ही तरतूद त्यांना मधल्या सुटीत घानाच्या एका मुलीनं सांगितली.

वर्गात काय शिकवतात हे सगळं सांगत बसत नाही. एक दुपार मात्र सांगते. विषय होता कवळी धुणं. मला वाटलं, यात काय शिकायचं? शिकवणाऱ्या बाईंनी बेसिनमध्ये आधी टॉवेल अंथरला आणि थोडं पाणी सोडलं. कवळी ओली झाली की बुळबुळीत होते, हातून सुटते, आणि बेसिनवर पडून तडकली की म्हाताऱ्या माणसाचं महिनाभर खाणं बंद. म्हणून खाली टॉवेल. गार किंवा कोमट पाणी, कढत नको, आकार बिघडतो. घासून झाल्यावर स्वच्छ पाण्यात, नाव लिहिलेल्या डबीत. डबीवर नाव का? तर एका मजल्यावर अशा तीस डब्या असतात. भरवण्याचंही तसंच. उभं राहून भरवायचं नाही. खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीला बसायचं, ताटात काय काय आहे ते सांगायचं, आधी काय हवं विचारायचं, घास गिळलाय हे बघितल्यावरच पुढचा. "आजी, आ करा" असं म्हणणाऱ्या गुजराती बाईंना शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं. "तुम्ही त्यांना आजी का म्हणता? त्यांना काय म्हटलेलं आवडतं, ते विचारलंत?" आपल्याला हे कोरडं वाटेल. मलाही वाटलं. मग आठवलं की माझ्या आईला दवाखान्यात सगळे 'आजी' म्हणत आणि तिला ते मुळीच आवडत नसे. ती पस्तीस वर्षं शाळेत 'बाई' होती.

प्रत्यक्ष कामाचे ४० तास नर्सिंग होममध्ये. पेशंटच्या खाजगीपणाचे नियम कडक असल्यानं मला खोल्यांत जाता आलं नाही. मी खाली दालनात बसून राहायची आणि जेवणाच्या सुटीत ऐकायची. पहिल्याच दिवशी तासगावच्या बाईंच्या वाट्याला नव्वदीच्या एका गृहस्थांची अंगपुसणी आली. "परपुरुषाला हात लावायचा. मी भिंतीकडे तोंड करून उभी. बाईंनी कोपराला धरून मला वळवलं. हळूच म्हणाल्या, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त लाज वाटतेय, ती आधी झाक." मग त्यांनी शिकल्याप्रमाणं केलं. पाणी आधी त्या गृहस्थांनाच बोट बुडवून बघायला सांगितलं. अंगावर मोठं पांघरूण, त्यातला जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा. डोळे आधी, नुसत्या पाण्यानं, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाची नवी बाजू. शेवटी पाठ पुसताना त्या गृहस्थांना झोप लागली. बाई हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या डब्यातली भाकरी तशीच होती.

परीक्षेचे दोन भाग. एक लेखी, वाचायची अडचण असेल तर प्रश्न ऐकून देता येते. दुसरा करून दाखवायचा. कौशल्यांच्या मोठ्या यादीतली काही निवडून देतात आणि परीक्षक शेजारी उभा राहून प्रत्येक पायरीवर खूण करतो. काय येईल सांगता येत नाही, हात धुणं मात्र सगळ्यांनी घोटून ठेवलं होतं: बोटं खाली, मनगटापर्यंत फेस, वीस सेकंद चोळणं, नखं तळव्यावर घासणं, नळ उघड्या हातानं बंद न करता कागदी रुमालानं बंद करणं. पास झालं की राज्याच्या रजिस्ट्रीत नाव चढतं. ही रजिस्ट्री या सगळ्याचा कणा आहे. नोकरीवर घेण्याआधी नर्सिंग होमला त्यात नाव बघावंच लागतं, आणि पेशंटचा छळ केल्याचं सिद्ध होऊन तशी नोंद लागली, तर कुठलंच नर्सिंग होम त्या माणसाला कामावर ठेवू शकत नाही. सलग चोवीस महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा शिक्षण किंवा परीक्षा. दरवर्षी निदान १२ तासांची उजळणी आहेच.

एवढं सगळं करून पगार किती? २०२३ मधला देशभराचा मधला आकडा वर्षाला ३८,२०० डॉलर होता, म्हणजे निम्म्या सीएनएंना त्याहून कमी. न्यू जर्सीच्या घरभाड्यापुढे ही रक्कम तोकडी आहे आणि म्हणून पुष्कळजणी दोन ठिकाणी काम करतात किंवा सलग दोन शिफ्ट ओढतात. कंबर आणि खांदे जायबंदी होण्यात हा धंदा अमेरिकेतल्या वरच्या क्रमांकांत आहे. २०२० च्या वसंतात करोनानं न्यू जर्सीच्या नर्सिंग होममध्ये हजारो माणसं नेली. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यानं कायदा केला, दिवसाच्या शिफ्टला दर आठ पेशंटमागे निदान एक सीएनए. ऐकायला बरं वाटतं. मी वहीत हिशेब मांडला. आठ तासांतून अर्धा तास जेवणाचा वजा केला तर ४५० मिनिटं उरतात. आठ माणसांत वाटली तर प्रत्येकी जेमतेम ५६. तेवढ्यात उठवणं, अंघोळ, कपडे, दोन जेवणं, चार वेळा संडास, कूस बदलणं, नोंदी. भरवताना घाई करायची नाही हे वर्गात शिकवतात आणि मजल्यावर घड्याळ घाई करायला लावतं. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सगळ्या देशासाठी नियम काढला होता की प्रत्येक पेशंटला रोज सरासरी २.४५ तास तरी या मदतनिसांचे मिळावेत. माणसं कुठून आणायची, म्हणत नर्सिंग होमचालक कोर्टात गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयानं तो नियम रद्द केला. मला वाटतं, माणसं का मिळत नाहीत याचं उत्तर त्या पगाराच्या आकड्यात आहे. शिक्षण सक्तीचं करून जो मान दिला, तो वेतनात अजून उतरलेला नाही.

तरीही वर्गातल्या निम्म्या जणींनी ही पहिली पायरी धरली होती. केरळची मुलगी तर तिकडची शिकलेली नर्स, इथली परीक्षा देईपर्यंत मधला काळ म्हणून आलेली. घानाची मुलगी कम्युनिटी कॉलेजातून आधी एलपीएन, म्हणजे कनिष्ठ नर्स, आणि मग आरएन, म्हणजे पूर्ण नर्स, व्हायचं म्हणते. तासगावच्या बाईंना पुढं काही व्हायचं नाही. "हेच नीट करायचं," म्हणाल्या.

आता नावाबद्दल. बाईंच्या सासूबाई गावी असतात. सुनेला 'हॉस्पिटलात नोकरी' लागली एवढंच त्यांना सांगितलंय. "घाण काढते म्हणून कळलं तर जेवणार नाहीत हो त्या." मी काही बोलले नाही. ज्यांना याच सासूबाईंची घाण कधीतरी काढावी लागेल त्यांनीच ती नोकरी लपवायची, ही आपली जुनी रीत आहे. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा लोकांना हेच खुपलं होतं: परक्या पुरुषाला हात, परक्या जातीला हात. नर्सला आज आपण मान देतो. तिच्या हाताखालच्या मावशीकडे अजून तिथूनच बघतो. आपल्याकडेही जनरल ड्यूटी असिस्टंट नावाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे, त्यातही हेच शिकवतात. पण घरी मावशी पाठवणाऱ्याला 'तिनं हे केलंय का' असं विचारायचं, हे आमच्या तरी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही दर विचारला आणि जात विचारली नाही याचं समाधान मानलं.

पुण्याला परतल्यावर आईच्या मावशींना फोन केला. त्या आता कोथरूडला एका काकूंकडे दिवसपाळी करतात. उजवी बाजू गेलेल्या काकू. मी गेले तेव्हा काकू झोपल्या होत्या. स्वयंपाकघरात मी मावशींना स्टुलावर बसवलं, त्यांचा उजवा हात लुळा ठरवला आणि काकूंचा धुतलेला गाउन घेऊन, बाहीत मनगटाकडून हात घालून, त्यांचा पंजा धरून दाखवला. मावशी काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, मला स्टुलावर बसवलं आणि दोनदा करून बघितलं. दुसऱ्यांदा अगदी सफाईनं झालं.

"तुमच्या आईला फार दुखलं असेल ना हो ताई," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी गाउन हातात धरून थोडा वेळ बघितला.

"आणि काढताना?"

"काढताना उलटं. आधी चांगला हात."

आत काकू जाग्या झाल्याचा आवाज आला. मावशींनी हात धुतले, खोलीच्या उघड्याच दारावर बोटांनी टकटक केलं, आणि आत गेल्या.